सह्याद्रीतील लहान खेकड्याच्या नव्या जातीचे वर्णन कसे करावे: नाशिकच्या नवोदित अभ्यासकांसाठी

दरवर्षी जून-जुलै उजाडला की माझ्याकडे मोबाइलवर खेकड्यांची छायाचित्रे येऊ लागतात. कोणी अंजनेरीच्या पठारावर जाऊन आलेला असतो, कोणी हरिहरच्या पायथ्याशी, तर कोणी भावलीच्या बाजूला भटकून आलेला असतो. कातळाच्या भेगेत पाणी पाझरते तेथे बसलेला, जेमतेम दोन बोटांच्या रुंदीचा खेकडा त्याने टिपलेला असतो आणि खाली एकच प्रश्न लिहिलेला असतो: ही नवी जात आहे का? छायाचित्रावरून हे सांगता येत नाही, एवढेच उत्तर मला प्रामाणिकपणे देता येते. मग ते कशावरून सांगता येते आणि सांगता आले तर पुढे काय करायचे, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी एक भेद स्पष्ट करून घेऊ. नवी जात सापडणे आणि तिचे वर्णन होणे ही दोन वेगळी कामे आहेत. सापडणे क्षणाचे असते आणि बहुतेक वेळा ते आपल्या आधी कोणाचे तरी होऊन गेलेले असते, कारण ज्या बिळापाशी आपण पहिल्यांदा वाकतो ते बीळ शेजारच्या पाड्यावरच्या मुलाला ठाऊक असतेच. वर्णनाला मात्र दोन-तीन वर्षे सहज लागतात आणि त्यातील फार मोठा भाग नव्या खेकड्याकडे पाहण्यात नव्हे, तर जुन्या, आधीच नाव मिळालेल्या खेकड्यांकडे पाहण्यात जातो. नवेपणा हा त्या प्राण्याच्या अंगावर लिहिलेला गुण नसून तुलनेतून निघणारा निष्कर्ष आहे, ही गोष्ट मनात पक्की ठेवून पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

नाशिकच्या डोंगरांत खेकडेच का शोधावेत

समुद्रातील खेकड्यांची अंडी फुटली की सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर दूर दूर पसरतात. गोड्या पाण्यातील खेकड्यांत हा अळीचा टप्पा नसतो. मादी थोडीच, पण मोठी अंडी घालते, ती पोटाखालच्या पट्टीत सांभाळते आणि त्यांतून थेट इवलेसे, पूर्ण आकाराचे खेकडेच बाहेर येतात. तेही काही काळ आईच्या पोटाखालीच राहतात. अशा प्राण्याला एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाणे अवघड असते. मधल्या खोऱ्यातील उन्हाळा त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे डोंगरमाथ्यांवरील लहान खेकड्यांचे गट हजारो पिढ्या एकमेकांपासून तुटलेले राहतात आणि वेगळे होत जातात. २००९ मध्ये जगभरातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांचा धोक्याच्या दृष्टीने आढावा घेतला गेला, तेव्हा विचारात घेतलेल्या जातींची संख्या १,२८० होती आणि त्यानंतरही दरवर्षी त्यात भर पडत आली आहे.

खऱ्या अर्थाने सदाहरित पर्जन्यवन पाहायचे तर आपल्याला दक्षिणेकडे, कोयना, आंबोली आणि त्याहीपुढे केरळातील अगस्त्यमलईपर्यंत जावे लागते. नाशिक जिल्ह्यात घळींमधून निमसदाहरित झाडीचे पट्टे आणि वर उघडे कातळ असे मिश्र चित्र आहे. येवला, सिन्नरकडचा कोरडा प्रदेश सोडला, तर इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या पश्चिमेच्या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने डोंगर अक्षरशः पाझरत असतो. खाली सांगितलेली पद्धत पर्जन्यवनातल्या खेकड्याला आणि आपल्या कातळावरच्या खेकड्याला सारखीच लागू पडते.

आधी ओळखीचा खेकडा नीट पाहावा

नवोदितांनी डोंगरावर जाण्यापूर्वी निदान एक पावसाळा अगदी सामान्य खेकड्यावर घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गोदावरी आणि दारणेच्या काठी, शेताच्या बांधांवर मोठी बिळे करून राहणारा बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस हा त्यासाठी उत्तम आहे. त्याच्या नावाचा दुसरा शब्द बीळ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. कर्नल सायक्स यांनी दख्खनमधून गोळा केलेल्या खेकड्यांवरून वेस्टवुड यांनी १८३६ मध्ये तो वर्णन केला. म्हणजे आपल्या पायाखालचा हा खेकडा शास्त्राच्या दप्तरात येऊन जवळजवळ दोन शतके होत आली.

पावसाळ्यात आठवडे बाजारात खेकडे विकायला येतात. त्यांतील एक नर आणि एक मादी घेऊन घरी किंवा महाविद्यालयात शांतपणे पाहावी. पोटाकडून पाहिल्यास दुमडलेली पट्टी दिसते. शास्त्रात तिला उदर म्हणतात. ती अरुंद असेल तर नर आणि छातीचा बहुतेक भाग झाकण्याइतकी रुंद असेल तर पूर्ण वाढलेली मादी. पाठीच्या कवचाची पुढची कडा, डोळ्यांच्या खोबणी, खोबणीमागे आडव्या गेलेल्या उंच कडा, कवचाच्या बाजूचा बारीक दात, तोंडावर झडपेसारखे बसणारे जबडपाय, एक मोठी व एक लहान नांगी, हे सर्व एकदा हाताखालून गेले, की शास्त्रीय वर्णनातील रूक्ष वाटणारी वाक्ये वाचता येऊ लागतात. बाजारातून आणलेला खेकडा केवळ सरावासाठी असतो. तो नेमका कुठला हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे तो किती का वेगळा दिसेना, त्याच्यावरून नवी जात उभी करता येत नाही.

या सरावाबरोबरच वाचन सुरू करावे. भारतातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची पहिली मोठी सूची कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील अल्कॉक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. १९७० मध्ये जर्मन अभ्यासक बॉट यांनी अनेक नव्या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, मांडल्या. २०१४ मध्ये पती व शर्मा या अभ्यासकांनी घाटियाना ही प्रजाती वर्णन केली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत सह्याद्रीतील लहान खेकड्यांचे वर्गीकरण पुष्कळ बदलले. म्हणून केवळ जुन्या ग्रंथावर विसंबून नवेपणा ठरवणे धोक्याचे आहे. ज्या गटावर काम करायचे, त्या गटावरचा शेवटचा लेख हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परवानगीचे कागद

हा भाग कंटाळवाणा वाटतो, परंतु येथे चूक झाली तर नंतरचे सर्व काम वाया जाते. राखीव वनात वन विभागाची लेखी परवानगी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात नमुने गोळा करायचे असतील, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते. अंजनेरीच्या संवर्धन राखीव क्षेत्रातही विचारल्याशिवाय एकही प्राणी उचलू नये. अर्ज एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या नावाने, किती नमुने, कोणत्या महिन्यांत व कोठून घेणार हे स्पष्ट लिहून, उन्हाळ्याच्या आधीच द्यावा. परवानगीपत्राचा क्रमांक पुढे लेखात छापावा लागतो. नियतकालिके आता तो मागतात आणि ते योग्यच आहे.

डोंगरावर

उन्हाळ्यात हे खेकडे बिळात किंवा खोल भेगांत दडून बसतात. पहिले मोठे पाऊस झाले की बाहेर पडतात आणि सप्टेंबरपर्यंत दिसत राहतात. दिवसा ते दगडाखाली किंवा भेगेत असतात, अंधार पडल्यावर मात्र विजेरीच्या प्रकाशात ओल्या कातळावर उघड फिरताना सापडतात. रात्री जायचे तर वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असलाच पाहिजे, कारण ओला बेसाल्ट आणि धुके यांच्यापुढे अनुभवी माणसाचीही चूक होते. दगड उलटला तर पाहून झाल्यावर तो तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा. त्याच्या खालची ओल हे कोणाचे तरी घर असते.

पाड्यावरील लोकांना आधी विचारावे. महादेव कोळी, ठाकूर, कोकणा समाजातील माणसे पिढ्यान्पिढ्या हे खेकडे पाहत आणि खात आली आहेत. कोणता खेकडा ओढ्यात, कोणता कातळात, कोणता बांधात राहतो आणि कोणता खायला घेत नाहीत, हे भेद त्यांना ठाऊक असतात. त्यांनी सांगितलेली नावे ऐकू आली तशीच वहीत लिहून घ्यावीत. केरळमध्ये झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहणारा एक खेकडा २०१७ मध्ये वर्णन करण्यात आला. त्याचे शास्त्रीय नाव कानी मरंजंडू असे आहे. कानी हे त्या जंगलातील आदिवासी समाजाचे नाव आणि मरंजंडू हा त्यांचाच, झाडावरचा खेकडा या अर्थाचा शब्द. शास्त्राला तो खेकडा दाखवणारे तेच लोक होते.

खेकडा दिसला की आधी तो जेथे आहे तेथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, मग पांढऱ्या ताटलीत ठेवून वरून, खालून आणि समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे. अल्कोहोलमध्ये काही आठवड्यांत रंग उडतो आणि मूळ रंगाचा पुरावा एवढाच उरतो. मात्र रंगावर फार भिस्त ठेवू नये. एकाच ओढ्यात एकाच जातीचे तपकिरी आणि तांबूस असे दोन्ही खेकडे मिळू शकतात.

किती नमुने घ्यावेत? पूर्ण वाढलेले दोन-तीन नर आणि एक-दोन माद्या एवढे एका ठिकाणाहून पुरेसे असतात. पोटाखाली अंडी किंवा पिल्ले असलेली मादी कधीही उचलू नये. ती उचलणे म्हणजे त्या भेगेतील पुढची पिढीच उचलणे होय. कात टाकल्यामुळे कवच मऊ झालेला खेकडाही घेऊ नये, कारण त्याची मापे खरी येत नाहीत. प्रत्येक खेकडा वेगळ्या डब्यात, थोड्या ओल्या शेवाळासह ठेवावा. एकत्र ठेवले तर ते एकमेकांचे पाय तोडतात. जिवंत खेकडा थेट तीव्र अल्कोहोलमध्ये टाकू नये. त्याला यातना होतात आणि तो स्वतःच पाय गाळून टाकतो. बर्फात किंवा डीपफ्रीझरमध्ये ठेवून तो पूर्ण निश्चल झाल्यावरच पुढचे करावे. डीएनएसाठी एका पायाचा तुकडा ९५ टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या इथेनॉलमध्ये आधी वेगळा काढावा आणि उरलेला खेकडा ७० ते ७५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. फॉर्मेलिन वापरू नये, कारण त्याने डीएनए खराब होतो. इथेनॉल मिळवण्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागत असल्याने ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतूनच घेणे सोयीचे असते.

बरणीतील चिठ्ठी

या छोट्या गोष्टीवर मी मुद्दाम थांबतो. माझ्या पहिल्याच वर्षी ब्रह्मगिरीच्या मागच्या बाजूने आणलेले चार नमुने मी मोठ्या काळजीने बरण्यांत ठेवले आणि आत टाकायच्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या. दिवाळीनंतर बरण्या काढल्या, तेव्हा खेकडे उत्तम स्थितीत होते आणि चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. शाई अल्कोहोलमध्ये विरघळून गेली होती, पाण्यावर किंचित निळसर झाक तेवढी उरली होती. चारपैकी कोणता कोणत्या ओढ्यातला हे मला सांगता येईना आणि ते चारही नमुने अभ्यासातून बाद करावे लागले. चार जीव घेतले आणि त्यांचा उपयोग शून्य झाला, ही गोष्ट मला आजही लागते.

म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या काळ्या शाईने, जाड आणि न गळणाऱ्या कागदावर लिहावी व ती बरणीच्या बाहेर चिकटवण्याऐवजी आत ठेवावी. तिच्यावर जिल्हा, तालुका, गाव, ओढ्याचे किंवा कड्याचे स्थानिक नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि अधिवासाचे चार शब्द असावेत. "त्र्यंबकजवळ" एवढेच लिहिलेली चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठीपेक्षा फारशी बरी नसते. वहीतील नोंदीचा क्रमांक आणि चिठ्ठीवरचा क्रमांक एकच असावा.

सूक्ष्मदर्शकाखाली

खरे काम येथे सुरू होते. डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने कवचाची सर्वांत जास्त रुंदी, मध्यरेषेवरची लांबी, कवचाची जाडी आणि पुढच्या कडेची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजावी. प्रत्येक माप तीनदा घ्यावे. सह्याद्रीतील कातळावरच्या अनेक जातींचे पूर्ण वाढलेले खेकडेही वीस-पंचवीस मिलिमीटर रुंदीचेच असतात, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही गुणोत्तर बदलून टाकते.

त्यानंतर एकेक अवयव ठरावीक क्रमाने पाहावा. सह्याद्रीत आपल्याला भेटणारे हे खेकडे गेकार्सिनुसिडी या कुळातले. जबड्याच्या पाल्पचा, म्हणजे जबड्याला जोडलेल्या लहानशा उपांगाचा, शेवटचा खंड दुभंगलेला असणे ही या कुळाची जुनी खूण आहे, तेव्हा ती एकदा स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावी. तिसऱ्या जबडपायाच्या बाहेरच्या फांदीला चाबकासारखा धागा आहे की नाही, असल्यास किती लांब, हे प्रजाती ठरवण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कपाळाच्या कडेखाली त्रिकोणी उंचवटा पूर्ण आहे की अर्धवट, डोळ्यामागच्या कडा ठसठशीत आहेत की पुसट, कवचाची पाठ फुगीर आहे की सपाट, नराच्या उदराचा सहावा खंड लांबट आहे की आखूड, हे सर्व लिहून ठेवावे. नांगीच्या आकाराबाबत मात्र सावध असावे. वय वाढलेल्या नराची मोठी नांगी तरुण नराच्या नांगीपेक्षा इतकी वेगळी दिसते, की दोन जाती असल्याचा भास होतो.

सर्वांत निर्णायक पुरावा नराच्या उदराखाली दडलेला असतो. तेथे अवयवांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांना गोनोपॉड म्हणतात. मिलनाच्या वेळी पहिली जोडी नळीसारखी काम करते, तर दुसरी तिच्या आत दट्ट्यासारखी. जवळच्या दोन जातींचे कवच जुळ्या भावंडांसारखे असले, तरी पहिल्या गोनोपॉडच्या टोकाची ठेवण बहुधा वेगळी निघते. याच कारणाने जगभरातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांचे वर्गीकरण मुख्यतः या तांदळाच्या दाण्याएवढ्या अवयवावर उभे आहे.

तो काढताना घाई करू नये. खेकडा अल्कोहोलने भरलेल्या उथळ तबकात उताणा ठेवावा, बोथट चिमट्याने उदराची पट्टी हळूच उचलावी आणि बारीक टोकाच्या चिमट्याने डाव्या बाजूचा पहिला गोनोपॉड अगदी बुडाशी धरून सोडवावा. उजवा जागेवरच राहू द्यावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला मूळ स्थिती पाहता येते. बुडाशी असलेल्या राठ केसांत माती अडकलेली असते. ती रंगाच्या सर्वांत बारीक कुंचल्याने, ओल्या अवस्थेतच झाडावी. मग स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. सुरुवातीला पिवळसर, अर्धपारदर्शक असा एक सुळका दिसतो. प्रकाश एका बाजूने तिरपा सोडला, की त्याच्या अंगावरून वर चढत गेलेली खाच स्पष्ट होते आणि टोकाचा खंड सरळ आहे, बाहेरच्या बाजूला वळलेला आहे की मध्येच किंचित मुरडलेला आहे, हे कळू लागते. अवयव जरासा गोल फिरला, तरी वळण नाहीसे झाल्यासारखे वाटते. म्हणून तो काचेच्या बारीक मण्यांवर टेकवून नेमका सपाट बसवावा आणि वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंनी चित्र काढावे. दुसऱ्या गोनोपॉडचे टोक लांब धाग्यासारखे आहे की आखूड, हेही त्याच वेळी नोंदवावे.

चित्र हातानेच काढावे असे मी सांगतो. छायाचित्र अवश्य जोडावे, पण कॅमेरा ल्युसिडावर, म्हणजे सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा कागदावर गिरवू देणाऱ्या साधनावर, रेघ ओढताना डोळ्याला जे कळते ते कळ दाबून कळत नाही. चित्राशेजारी एक मिलिमीटरची मापरेषा असावी. काम झाल्यावर गोनोपॉड छोट्या कुपीत, क्रमांकासह, त्याच खेकड्याच्या बरणीत ठेवावा. सुटा पडलेला गोनोपॉड कोणाचा हे नंतर कोणीही सांगू शकत नाही.

तुलना

आता आपल्या टेबलावर आपला खेकडा आणि समोर त्याच्या सर्व जवळच्या जातींची वर्णने हवीत, आणि शक्य असेल तेथे मूळ नमुनेही. ज्या एका नमुन्यावर जातीचे नाव कायमचे बांधलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात, आणि वर्णनकर्त्याने त्याच्यासोबत अभ्यासलेल्या इतर नमुन्यांना पॅराटाइप. भारतीय प्राणी सर्वेक्षण या १९१६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे मुख्यालय कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात, म्हणजे आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर. तेथे रीतसर पत्र पाठवून, वेळ घेऊन नमुने पाहता येतात. जुने अनेक नमुने लंडन आणि पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत. तेथील अभिरक्षकांना नम्र आणि नेमके पत्र लिहिल्यास ते छायाचित्रे पाठवतात. मूळ नमुना हरवलेला किंवा अगदी खराब झालेला असेल, तर ज्या ठिकाणाहून तो आला होता तेथूनच नवे नमुने आणून पाहणे हा उपाय उरतो. जुन्या काळी ठिकाणाच्या जागी नुसते "दख्खन" लिहिलेले आढळते, आणि मग दोनशे वर्षांपूर्वीची अपुरी चिठ्ठी आजच्या अभ्यासकाचे महिने खर्ची घालते.

एक तक्ता करावा. आडव्या ओळींत लक्षणे, उभ्या स्तंभांत जाती. आपला खेकडा निदान दोन-तीन स्थिर लक्षणांत, सर्व पूर्ण वाढलेल्या नरांमध्ये सारखाच, इतर प्रत्येक जातीपेक्षा वेगळा निघाला, तरच नवेपणाचा विचार करावा. एकाच नमुन्यात दिसलेला फरक ही विकृतीही असू शकते. शंका उरली तर आणखी एक पावसाळा थांबावे. शास्त्रात या एका वर्षाने कोणाचे काही बिघडत नाही, पण चुकून दिलेले दुसरे नाव निस्तरायला पुढच्या पिढीला अनेक वर्षे लागतात.

डीएनएची जोड मिळाल्यास चांगलेच. या गटात १६एस आणि सीओआय ही जनुके बहुधा वापरतात आणि त्यांचे क्रम जेनबँक या सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात ठेवले जातात. परंतु आधीच्या जातींचे क्रम उपलब्ध नसतील, तर तुलना कोणाशी करणार? तेव्हा डीएनए हा गोनोपॉडला पर्याय नाही, त्याच्या जोडीचा साक्षीदार आहे.

लेख लिहिताना

वर्णनाचा साचा ठरलेला आहे आणि त्यात बदल करण्याचे कारण नाही. प्रथम होलोटाइपची माहिती, म्हणजे नर, मापे, ठिकाण, तारीख, संग्रहालयातील नोंदणी क्रमांक, मग पॅराटाइप, मग निदान, म्हणजे ही जात इतरांपासून वेगळी ओळखण्याची मोजकी लक्षणे, मग सविस्तर वर्णन, मग जवळच्या जातींशी तुलना, नावाची व्युत्पत्ती, अधिवास आणि प्रसार. यांपैकी निदान आणि तुलना हे दोन भाग सर्वांत अधिक वाचले जातात. त्यांत "काहीसा", "साधारण" असे शब्द टाळून गुणोत्तरे लिहावीत. "कवच रुंद" म्हणण्यापेक्षा रुंदी लांबीच्या किती पट आहे ते सांगावे. अधिवासाबद्दल लिहिताना पाणी, दगड, झाडी आणि खेकड्याचे वागणे जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे.

नाव

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत दिले आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव दोन शब्दांचे असते आणि ते लॅटिन लिपीतच छापावे लागते; देवनागरीत छापलेल्या नावाला मान्यता नाही. शब्द मात्र कोणत्याही भाषेतला चालतो. घाटियाना हे नाव आपल्या घाटावरूनच आले आहे, आणि त्याच प्रजातीतील ऑरँटिआका हे जातिनाम नारंगी रंगावरून. ठिकाणावरून नाव द्यायचे तर "एन्सिस" हा प्रत्यय लागतो आणि नपुंसकलिंगी प्रजाती असेल तर "एन्से". पुरुषाच्या नावाला शेवटी "आय" हे अक्षर लागते, स्त्रीच्या नावाला "एई" ही दोन. गेकार्सिनुकस जॅक्मॉन्टी या खेकड्याचे नाव १८३२ मध्ये मुंबईत मरण पावलेल्या व्हिक्टर जॅक्मों या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. स्वतःचे नाव स्वतःच देऊ नये, हा संकेत सर्वजण पाळतात. माझा कल स्थानिक शब्दांकडे आहे. ज्या पाड्याने खेकडा दाखवला त्याच्या बोलीतील शब्द मिळत असेल आणि तेथील लोकांची संमती असेल, तर ते नाव मला सर्वांत योग्य वाटते.

नाव लेख छापून येईपर्यंत कोणालाही सांगू नये, विशेषतः बातमीदारांना. वर्णनाशिवाय छापले गेलेले नाव संहितेनुसार ग्राह्य नसते आणि त्यातून पुढे नसता गोंधळ होतो.

प्रसिद्धी, जमा करणे आणि परत जाणे

लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकाकडेच पाठवावा; पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांपासून दूर राहावे. संहितेतील २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातील नाव ग्राह्य ठरण्यासाठी तो लेख आधी झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावा लागतो आणि त्या नोंदीचा पुरावा लेखातच छापावा लागतो. होलोटाइप कोणत्या संग्रहात, कोठे ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे सांगणेही आवश्यक आहे. तपासनिसांचे शेरे कधी कधी कठोर असतात. ते एक रात्र बाजूला ठेवून मग वाचावेत आणि प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर द्यावे.

जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त भांडारांना कळवणे आणि नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. आपल्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्याचे केंद्र त्या दृष्टीने सोयीचे आहे. होलोटाइप घरच्या किंवा महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नये. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो निवृत्त होतो, बरणीतील अल्कोहोल उडून जाते आणि जातीचा एकमेव आधार वाळून जातो. आपल्याकडे राहिलेल्या सरावाच्या नमुन्यांच्या बरण्यांतील पातळीसुद्धा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावी.

एखाद्या जातीचे सगळे ज्ञात नमुने एकाच कड्यावरून आलेले असतील आणि खेकडा रंगीत असेल, तर लेखात अक्षांश-रेखांश अगदी नेमके न देता गाव आणि उंची द्यावी आणि नेमकी माहिती संग्रहालयाच्या नोंदीत ठेवावी. पाळीव प्राण्यांच्या बाजारात असे खेकडे विकले जातात.

छापलेल्या लेखाची एक प्रत परवानगी देणाऱ्या वन कार्यालयाला आणि एक प्रत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी. समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात त्या खेकड्याचे स्थानिक नाव आधी, शास्त्रीय नाव त्याच्या शेजारी आणि तो ज्या ओढ्यात राहतो त्या ओढ्याचे नाव तिसऱ्या रकान्यात, अशी नोंद करून घ्यावी आणि जमल्यास ती नोंद आपल्याला बीळ दाखवणाऱ्या माणसाच्या हातून लिहून घ्यावी.